उतावळ्या पायांची वही

मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि आमच्या जिन्याला ५४ पायऱ्या आहेत. हा आकडा मला एका मंगळवारी कळला, कारण त्या दिवशी मी त्या एकेक करून, दोन्ही हातांनी कठडा धरून, पाठमोरी उतरले. दोन दिवस आधी, रविवारी, शाळेचे दिवस संपल्यानंतर पहिल्यांदाच मी पळाले होते. वय ४६, काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. पळताना काहीच झालं नाही. परतीच्या वाटेवर लांबलचक उतार होता, तिथे तर आपण इतकी वर्षं उगाच घाबरत होतो असं वाटलं. सोमवारी मांड्या भरून आल्या. मंगळवारी गुडघा जरा वाकवला की मांडी थरथरायला लागायची ती थांबेच ना. खालून येणाऱ्या शेजारच्या काकांनी माझी पाठ बघून विचारलं, "काही विसरलीस का गं?" मी म्हटलं, "नाही काका, उतरतेय."

त्याला आता तीन वर्षं होतील. हल्ली आठवड्यातून चार दिवस पळते, एका वेळी सहा ते आठ किलोमीटर. वेग सांगण्यासारखा नाही. मधल्या काळात एकदा टाच दुखावून घेतली, एकदा गुडघ्याची वाटी महिनाभर कुरकुरली, आणि या सगळ्याची नोंद एका शंभरपानी वहीत होत गेली. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी बाई स्वतःच्या चुका तीन रंगांच्या शाईत लिहून ठेवते, असं लेक म्हणते. त्या वहीतलं कामाचं तेवढं इथे देते. चालणं, पळणं, जिने चढणं, यातलं काहीही नव्याने आणि नेमाने सुरू करणाऱ्याला ते उपयोगी पडावं.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. आपण ज्याला पाय म्हणतो त्यात स्नायू आहेत, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा म्हणजे टेंडन आहेत, हाडं आहेत, सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, आहे. व्यायामाने हे सगळे बदलतात, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायू दोनेक महिन्यांत भरतात, कंडरा आणि हाड त्यांच्याही मागून येतात. व्यायाम वाढवायचा तो या रांगेत सर्वांत मागे असलेल्याच्या चालीने. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं असं नाही, पण निदान पुढे टाच धरून बसले तेव्हा आठवलं असतं.

मांड्या भरून येतात तेव्हा

उतारावर मांडीचा पुढचा मोठा स्नायू जरा विचित्र काम करत असतो. एरवी स्नायू आखडतो आणि हाडाला ओढतो. उतरताना मात्र तो लांबत असतानाच जोर लावतो, कारण अंग खाली कोसळू नये म्हणून ब्रेक त्यालाच लावायचा असतो. भरलेली बादली दोराने वर ओढताना हात दमतात, पण तीच हळूहळू खाली सोडताना तळहात सोलवटतात, तसंच काहीसं. या ओढाताणीत स्नायूतले बारीक धागे जागोजागी उसवतात, तिथे थोडी सूज येते, दुरुस्ती सुरू होते. दुखणं उशिरा येतं, २४ ते ७२ तासांत टोकाला जातं आणि मग ओसरतं. थिओडोर हफ या शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचं वर्णन करून स्नायूतल्या बारीक फाटाफुटीकडे बोट दाखवलं होतं. तरी आजही कुणाचे पाय दुखले की "लॅक्टिक ॲसिड साचलंय" असं सांगणारा एकजण भेटतोच. व्यायामाने वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे त्याच ॲसिडचं रक्तातलं रूप, तासा-दीड तासात पूर्वपदावर येतं. रविवारचं लॅक्टेट मंगळवारी जिन्यात भेटत नाही.

गंमत अशी की एकदा ही उसवाउसव झाली की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तशाच श्रमाला बराच कमी दुखतो. म्हणून उताराचा पहिला डोस मुद्दाम लहान घ्यायचा. पहिले दोन आठवडे सपाट रस्ता. तिसऱ्या आठवड्यात एकच उतार, तोही चालत, पाच मिनिटांचा. मग तीन दिवस वाट बघायची. मांड्यांनी फारशी तक्रार केली नाही तर पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं. डोंगरावर किंवा गडावर जाणार असाल तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जिने उतरण्याची सवय करा. चढण्याचा सराव सगळेच करतात. मांड्यांचा जीव जातो तो उतरताना.

दुखत असताना काय करायचं? अंथरुणात पडून राहू नका. सपाट जागी सावकाश पंधरा-वीस मिनिटं चाला, दुखणं तेवढ्यापुरतं हलकं होतं. व्यायामाआधी किंवा नंतर पाय ताणल्याने हे दुखणं टळतं असं खूप वर्षं मानलं जायचं. तपासून पाहिल्यावर फरक नगण्य निघाला. मी तरीही ताणते, कारण मला ते आवडतं, पण त्याच्या भरवशावर उतार पळत नाही. झोप मात्र वाचवा. वहीत ज्या ज्या दिवशी "पाय जड" असं लिहिलंय, त्यातल्या निम्म्याहून जास्त दिवसांच्या आदल्या रात्री मी प्रुफं संपवत बसलेली होते.

हे दुखणं ओळखायची खूण म्हणजे ते दोन्ही पायांत सारखं असतं, स्नायूच्या पोटात असतं आणि हात फिरवला तरी नेमकी जागा सापडत नाही. याहून वेगळं काही दिसलं तर वाट बघू नका. न झेपणाऱ्या व्यायामानंतर स्नायू टरटरून सुजले, पायात जोरच उरला नाही आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातला माल मूत्रपिंडात जाऊन अडकतोय असा त्याचा अर्थ असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं, हेही घरी शेकत बसण्याचं काम नाही. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

चौथा ते आठवा आठवडा

या काळात सगळं फार छान वाटतं, म्हणून याच्यावर जास्त लिहिते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पायात जोर आल्यासारखा वाटतो, पण तेव्हा स्नायू जाड झालेला नसतो. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतात, एवढंच. त्याच सुमारास रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. मग स्नायूंच्या आत बदल होतो. प्रत्येक तंतूत प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना पट्ट्यावर नेमाने पळवून दाखवलं की त्यांच्या पायांच्या स्नायूंतली ही ऊर्जा तयार करण्याची क्षमता सुमारे दुप्पट होते. माणसातही हे वाढतात, त्यांच्याभोवती नव्या केशवाहिन्या फुटतात, आणि महिन्यापूर्वी ज्या चढावर जीव घशाशी यायचा तिथे आपण गप्पा मारत जातो. उसवलेल्या तंतूंच्या कडेला काही राखीव पेशी झोपलेल्या असतात, १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी त्या पहिल्यांदा दाखवल्या. त्या जाग्या होऊन तंतूंना जोड देतात. दोनेक महिन्यांनी पँट मांडीला घट्ट होते.

सहाव्या आठवड्यात मी अशीच हवेत होते. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" ही म्हण मी आयुष्यात कितीदा तपासली असेल, पण स्वतःला लावून पाहिली नव्हती. पंधरा दिवसांत तीन किलोमीटरवरून सातवर गेले, वर दोन दिवस वेगाचे फटके मारले. मग एका सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं आणि उजव्या टाचेच्या वर, बुटाची मागची कड लागते त्या जागी, कुणीतरी चिमटीत धरून ठेवल्यासारखं झालं. दहा-बारा पावलांत ते विरघळलं. दुसऱ्या दिवशी पंचवीस पावलं लागली. चौथ्या दिवशी मी पलंगाच्या कडेला बसून अंगठा आणि तर्जनीत दोन्ही पायांच्या कंडरा धरून पाहिल्या. डावीकडची वरपासून खालपर्यंत एकसारखी, ताठ दोरी. उजवीकडे टाचेच्या हाडापासून तीन बोटं वर एक गुळगुळीत फुगवटा, आणि दाबला की डोळ्यांत पाणी.

पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येऊन या दोरीने, म्हणजे अकिलीस टेंडनने, टाचेला बांधलेले असतात. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. स्नायूत रक्त भरपूर, पेशी भरपूर. कंडरेत दोन्ही तुटपुंजं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये याचा एक विलक्षण पुरावा दिला. १९५५ ते १९६३ या काळात हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन अचानक वाढला होता आणि तो त्या काळच्या माणसांच्या शरीरातही उतरला. या कार्बनवरून त्यांनी कंडरेच्या गाभ्याचं वय काढलं, तर तो वयाच्या सुमारे १७ व्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळपास बदलतच नाही असं दिसलं. म्हणजे माझ्या टाचेमागची दोरी शाळेतली होती, आणि तिच्यावर ओझं मात्र छेचाळिसाव्या वर्षी, पंधरा दिवसांत, दुप्पट.

मी दहा दिवस पूर्ण बसून राहिले. दुखणं गेलं, पळाले, तिसऱ्या मिनिटाला परत आलं. मग फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या लेकीहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल.

"ताई, बसून काय होणार? ओझं घ्यायला ती शिकणार कधी?"

"पण दुखतंय ना."

"किती? दहापैकी?"

"चार."

"तीनपर्यंत चालेल मला. आणि उद्या सकाळी आजच्यापेक्षा जास्त नको. एवढं पाळा, मग घाबरू नका."

हा तीनचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आहे. कंडरेचं, वाटीचं, बहुतेक सगळ्या सावकाश येणाऱ्या दुखण्यांचं काम त्याने भागतं. करताना तीनपर्यंत, रात्री ओसरायला लागलेलं, आणि दुसऱ्या सकाळच्या पहिल्या दहा पावलांत कालच्याइतकं किंवा कमी. सकाळचं जास्त असेल तर कालचं जास्त झालं. त्या दिवशी ओझं कमी करायचं, शून्यावर आणायचं नाही.

व्यायाम साधा आहे. टाचा उचलायच्या. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाच दुखणाऱ्या पळणाऱ्यांना दिलेला क्रम कडक होता: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून दुखऱ्या पायाने टाच हळू खाली सोडायची, १५ वेळा, असे ३ संच, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८०, आणि असे १२ आठवडे. मला माझ्या फिजिओथेरपिस्टने सौम्य क्रम दिला, तो सांगते. शेवटच्या पायरीवर उभी राहायचे, कारण तिथे कठड्याचा खांब जाड आहे. मनात तीन अंक मोजत दोन्ही टाचा वर, एक अंक थांबणं, तीन अंक मोजत खाली. १५ वेळा, ३ संच, दिवसाआड. काही संच गुडघा सरळ ठेवून, काही जरा वाकवून, कारण वाकवल्यावर वरचा मोठा स्नायू ढिला पडतो आणि आतला सोलियस एकटा राबतो. हा सोलियस बहुतांशी सावकाश, न थकणाऱ्या तंतूंचा. दिवसभर उभं राहणं-चालणं हाच सांभाळतो, त्यामुळे त्याला दमवायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यापासून वर दोन्ही पायांनी, खाली फक्त उजव्याने. सहाव्यापासून एकाच पायावर. नवव्यापासून पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये शब्दकोशाचे दोन खंड. (एवढ्या वर्षांत त्यांचा इतका थेट उपयोग कधी झाला नव्हता.)

पहिले चार आठवडे वहीत काहीही घडत नाही. सकाळचे आकडे: ४, ४, ३, ४, ३, ३, ४. इथेच बहुतेक जण सोडतात. सातव्या आठवड्यात पहिला २ दिसतो. बाराव्यात पळणं परत सुरू केलं, एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं या हिशेबाने. फुगवटा पुढचे सहा महिने हाताला लागत होता, दुखत नव्हता. टाचा उचलणं आजही आठवड्यातून दोनदा करते. एका पायावर सलग पंचवीस नीट जमतात का, हे महिन्यातून एकदा तपासते. पोटऱ्यांची ही सोपी परीक्षा आहे, आणि पळायला सुरुवात करायच्या आधीच प्रत्येकाने द्यावी. माझ्या पहिल्या प्रयत्नात अकरा झाल्या होत्या.

"गुडघे झिजतील हं"

पळते म्हटल्यावर दहातले नऊ जण हेच म्हणतात. दहावा बुटांची कंपनी विचारतो.

गुडघ्यातली हाडांची टोकं कूर्चेने मढवलेली असतात. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतूही नाहीत. तिचं खाणंपिणं सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते वंगण तरी किती? निरोगी गुडघ्यात जेमतेम चमचाभर, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं. पाऊल पडलं की कूर्चा दाबली जाऊन तिच्यातलं पाणी बाहेर येतं, उचललं की पोषक द्रव घेऊन परत आत जातं. पळून आल्यावर तपासलं तर गुडघ्याची कूर्चा काही टक्के पातळ झालेली दिसते आणि काही तासांत पूर्ववत होते. पाय अनेक आठवडे प्लास्टरमध्ये राहिला तर मात्र ती खरोखरच पातळ होते. गाडीच्या टायरशी गुडघ्याची तुलना इथेच कोसळते. टायर वापरला नाही तर झिजत नाही.

आकडे हवे असतील तर २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्यात हौशी पळणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेत उतरणाऱ्या व्यावसायिक धावपटूंत १३.३ टक्के. यावरून पळणंच औषध आहे असं सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळायला जातच नाहीत. पण हौशी पळण्याने गुडघे झिजतात या भीतीला आधार उरत नाही एवढं नक्की. पळताना प्रत्येक पावलाचा भार चालण्यापेक्षा खूप जास्त असतो हे खरं. पण पावलं लांब पडतात आणि पाय जमिनीवर थोडाच वेळ टेकतो, म्हणून किलोमीटरमागे गुडघ्यावर पडणारा एकूण भार चालण्याच्या जवळपासच राहतो.

भाराचं प्रमाण माहीत असलेलं बरं. काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच मापक बसवून मोजलेलं आहे: सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटीहून थोडा जास्त, उतरताना जवळजवळ साडेतीन पट. ज्याचा गुडघा आधीच झिजलाय त्यानेही चालणं आणि मांड्यांचे व्यायाम करायचेच असतात, डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत, फक्त जिन्याचा वापर जपून. वजन जास्त असेल तर किलोभर उतरलेलं वजन गुडघ्यावरून प्रत्येक पावलाला सुमारे चार किलो उतरवतं.

माझा गुडघा दुखला तो वाटीच्या मागे. बराच वेळ बसून उठताना आणि जिना उतरताना. नवशिक्यांत हे फार होतं आणि बहुतेकदा कारण तेच, भार एकदम वाढवणं. दोन गोष्टींनी गेलं. पहिली, पावलं लहान केली. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणारं ॲप, लावून मोजलं तर माझी मिनिटाला १५६ पावलं पडत होती. ती १६६ केली. वेग तोच, पाऊल आखूड. पावलांची गती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्यावरचा भार मोजता येईल इतका कमी होतो. पहिले तीन दिवस मी कोंबडीसारखी पळतेय असं मला वाटत होतं. दुसरी, खुर्चीवरून हात न लावता सावकाश उठणं-बसणं, १२ वेळा, ३ संच. आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, कारण खुब्याचे बाजूचे स्नायू ढिले असतील तर गुडघा प्रत्येक पावलाला आत कलतो. आरशासमोर एका पायावर अर्धवट बसून बघा, लगेच दिसतं.

गुडघ्यातला कटकट आवाज, दुखत नसेल तर, विसरून जा. गुडघा सुजला, अडकला, किंवा चालता चालता दगा देऊन वाकला, तर दाखवून घ्या.

नडगी

हाडाबद्दल थोडक्यात, पण हे गंभीर आहे. हाड भार ओळखून आपली घडण बदलतं हे युलिअस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. मात्र नवं भरण्याआधी ते जुनं खणून काढतं. खणायला काही आठवडे, भरून यायला तीन-चार महिने. म्हणजे व्यायाम नेटाने सुरू केल्यावर मध्ये एक काळ असा येतो की हाड आधीपेक्षा किंचित कच्चं असतं, आणि नेमका तेव्हाच आपला दम वाढलेला असतो. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन केलं. क्ष-किरण आल्यावर कळलं की ती हाडं तडकलेली होती.

नडगी दुखली तर बोटाने वरपासून खालपर्यंत दाबत जा. आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर भार निम्मा करा, बहुधा भागेल. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर टोचत असेल, पळताना वाढत असेल, त्या पायावर लंगडी घालवत नसेल, रात्री ठणकत असेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर. इथे तीनचा नियम लावायचा नाही.

वाढवायचं कसं

"आठवड्याला दहा टक्के वाढवा" असं सगळीकडे ऐकाल. वाईट नाही, पण मी टक्के काढत बसत नाही. मी हे पाळते: एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. अंतर, वेग, उतार, यातलं एक. वाढवलेलं दोन आठवडे तसंच ठेवायचं. तीन आठवडे झाले की चौथा हलका, तिसऱ्याच्या दोन-तृतीयांश. शून्यातून सुरुवात असेल तर आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दम पुरत असला तरी पहिले चार आठवडे एवढंच. सलग अर्धा तास पळायला चौदा-सोळा आठवडे लागले तर कंडरा आणि हाड तुमच्या सोबत आलेली असतील.

निघताना आठ-दहा मिनिटं चाला. सांध्यातलं वंगण हालचालीने पातळ होतं, स्नायू गरम होतात, पहिल्या किलोमीटरचं लाकडासारखं अवघडलेपण निम्मं होतं. संपवतानाही एकदम थांबू नका. पोटऱ्या दर पावलाला पिळल्या जाऊन पायातलं रक्त वर ढकलत असतात. तो पंप अचानक बंद झाला तर रक्त पायातच राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ करून पायाची बोटं आपल्याकडे ओढून धरा, सुटेपर्यंत. चोळण्याआधी ताणा.

मध्ये खंड पडला तर? १९६६ मध्ये डॅलस इथे २० वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी होती. आठवडाभराच्या सुट्टीने काही बिघडत नाही. पण दोन-तीन आठवडे गेले तर निम्म्यावरून सुरुवात करा, आणि महिन्याहून जास्त गेले तर पुन्हा एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. स्नायू लवकर परततात, आणि परत तोच सहाव्या आठवड्याचा मोह होतो.

वही ठेवणार असाल तर रोज तीनच नोंदी पुरतात: काय केलं, करताना दुखणं दहापैकी किती, दुसऱ्या सकाळी पहिल्या दहा पावलांत किती. माझ्या वहीतलं आजचं पान असं आहे: "काल ६ किमी, शेवटचा उतार पळत. तेव्हा ०. आज सकाळी उजवी टाच १, मांड्या २. जिना ५४, सरळ तोंडाने."